पुंजाजीकाकांची पाव्हणी

आमच्या दुकानाची एक बॅटरी बरीच वर्षं बाहेरगावी आहे. तिला परत आणायला कोणी जात नाही. आमचे शेठ वीतभर वायरीसाठी गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जाणारे, पण तेही तिचा विषय निघाला की मोबाइलमध्ये डोकं घालतात. मध्यंतरी नव्यानं लागलेल्या मेकॅनिकनं सरळ विचारलं, तेव्हा म्हणाले, "राहू दे तिले तठीच." एवढ्यावर विषय मिटला.

त्या बॅटरीचं नाव पाव्हणी. पाहुणीला आमच्याकडे पाव्हणी म्हणतात. आणि पाव्हणी म्हटलं की मला पुंजाजीकाका आठवतात.

पुढचं सांगण्याआधी माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमचं घर बौद्ध. वडील शाळेत शिपाई होते, आणि घरात कोणी भुताखेताचं काही बोललं की भरल्या ताटावरून उठायचे. आई म्हणायची, यांना उपाशी ठेवायचं असेल तर एखादी हडळ काढायची. ते आता नाहीत, तरी हे लिहिताना ते मागं उभे राहून वाचताहेत असं वाटतं आणि मला आवरतं घ्यावंसं वाटतं. पण जे पाहिलं ते पाहिलं.

अनसिंगच्या स्टँडजवळ आमच्या शेठची बॅटरीची एजन्सी आहे. इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या, फवारणी पंपाच्या आणि रानडुकरांसाठी शेताच्या तारेला जोडतात त्या झटका मशीनच्या, अशा सगळ्या बॅटऱ्या. मी तिथं कॉम्प्युटरवर बसते. बॅटरी विकली की तिचा नंबर टाकायचा आणि वॉरंटीत परत आली की तिचा फोटो कंपनीला पाठवायचा, हे माझं काम. ती खरंच बिघडली आहे की मालकानं बिघडवली आहे, हे ठरवायचं काम पुंजाजीकाकांचं.

पुंजाजी इंगोले उंच आणि वाळके होते, मान कायम एका बाजूला झुकलेली. आयुष्यभर बॅटरीला कान लावून लावून ती तशी झाली, असं शेठ थट्टेनं म्हणत. ॲसिडच्या थेंबांनी त्यांच्या शर्टाची पार चाळणी झालेली असायची. नवा शर्ट घातला तरी आठवड्यात त्याची तीच गत. ॲसिड मारायला हात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचे, त्यामुळे ते शेजारून गेले की भजी तळायला घेतल्यासारखा वास यायचा. बोलणं कमी. गिऱ्हाईक बॅटरी घेऊन आलं की त्याला रामराम घालण्याआधी बॅटरीच्या झाकणावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "जेवली का हे?"

नवीन माणूस गोंधळायचा. जुने लोक मुकाट्यानं सांगायचे, की काका, चार दिवस लाइन नव्हती, चार्जिंग झालं नाही.

मागच्या बाजूला चार्जिंगची खोली होती. तिथं काकांचं राज्य. चार्जिंगला लावण्याआधी प्रत्येक सेलचं बूच सैल करायचं. विडी-काडी उंबऱ्याच्या बाहेर. जोडताना लाल वायर आधी, काढताना काळी आधी. खिडकी सताड उघडी, थंडीतसुद्धा, कारण बॅटरी भरताना जो गॅस निघतो त्याला जायला वाट पाहिजे. अर्धी भरलेली बॅटरी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, मग ते दारात धरणं धरून का बसेना. आणि भरली की सोडायची. या शेवटच्या नियमावर ते फार हटून असत. लोकांना वाटतं जितकी जास्त वेळ लावून ठेवू तितकी चांगली. काका म्हणायचे, उपाशी ठेवल्यानं बॅटरी मरते तशी भरलेली असताना दाबून भरल्यानंही मरते, फक्त दुसरं मरण कोणाला दिसत नाही.

हे सगळं मला पटण्यासारखं होतं. एकच नियम पटत नव्हता. त्या खोलीत कोणाचं नाव घ्यायचं नाही. मेकॅनिकला हाक मारायची तरी "अरे" किंवा "ऐक". मी पहिल्याच आठवड्यात कारण विचारलं.

"भरतानी नाव घ्याचं नाही, ताई," ते म्हणाले. "नाव घेतलं का थांबते."

"काय थांबते?"

"भरणं."

मी हसले. वडिलांची लेक मी, एक दिवस काका जेवायला गेल्यावर मुद्दाम त्या खोलीत गेले. भिंतीलगत ओळीनं बॅटऱ्या लावलेल्या, आणि सगळ्यांतून पाणी उकळल्यासारखा बारीक खदखद आवाज येत होता. मी उंबऱ्यात उभी राहून माझ्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं. आवाज थांबला. एका बॅटरीचा नाही, सगळ्यांचा. चार्जरचा काटा हळूहळू खाली आला आणि शून्यावर बसला. मी तिथून निघाले ती सरळ माझ्या खुर्चीवर येऊन बसले. थोड्या वेळानं खदखद पुन्हा सुरू झाली. लाइन डिम झाली असेल, आमच्याकडे ती दुपारची होतेच. मी स्वतःला तेच सांगितलं आणि त्या खोलीत परत कोणाचं नाव घेतलं नाही.

त्यांची बायको गिरजाबाई. दुकानामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. बाईंनी तरुणपण कापसाच्या जिनिंगमध्ये घालवलं होतं आणि तिथला कापूस छातीत घेऊनच घरी आल्या होत्या. बोलताना दम लागायचा, पण बोलणं सोडायच्या नाहीत. माझ्यासाठी डब्यात ठेचा पाठवायच्या. काका त्यांना कधी नावानं हाक मारत नसत. पुण्याला दिलेल्या लेकीचं नाव सुमन, म्हणून बायकोला "सुमनची माय". आमच्याकडे त्या वयाच्या माणसांत हे काही नवल नाही. गिरजाबाई मात्र मला एकदा म्हणाल्या, "लग्नात उखाण्याले मले पुढं केलं, यायले कोणी म्हटलंच नाही. आजपावतो यायच्या तोंडून माहं नाव आयकलं नाही मी." त्या हसत होत्या, पण म्हणाल्या ते खरं होतं.

काकांची बॅटरी तपासायची रीत पाहण्यासारखी होती. बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येकाची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडचा जोर, काचेच्या नळीनं मोजायची. पाच सेल चांगले आणि एकच मेलेला, तर चूक कंपनीची, बॅटरी बदलून मिळणार. सगळे सारखेच थकलेले असतील तर चूक घरची. पोहरादेवीच्या यात्रेत लाउडस्पीकर लावणारा एकजण होता. त्यानं अख्खा पावसाळा रिकामी बॅटरी पत्र्याखाली टाकून ठेवली आणि सुगीत वॉरंटी मागायला आला. आधी शपथा झाल्या, मग धमक्या. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "इनं तुले लय हाका मारल्या असतीन बाप्पा. तुहाच आवाज मोठा, तुले आयकू आलं नाही." तो माणूस बॅटरी उचलून गेला, आणि पुढं कित्येक दिवस काकांच्या समोरून जाताना मान खाली घालायचा.

आता पाव्हणीचं सांगते. आमच्या धंद्यात रीत अशी, की वॉरंटीतली बॅटरी तपासायला ठेवून घेतली की कंपनीकडून नवी येईपर्यंत गिऱ्हाइकाला दुकानाची एक बॅटरी वापरायला द्यायची. हिला सर्विसची बॅटरी म्हणतात. आमच्या शेठनं अशी एकच ठेवली होती. जुनी, जाड, एका कोपऱ्यावर खपली निघालेली. या गावातून त्या गावात, या घरातून त्या घरात मुक्कामाला जायची आणि परत यायची, म्हणून लोकांनीच तिला पाव्हणी नाव दिलं.

सुरुवात एका रिटायर गुरुजींपासून झाली. त्यांना घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं आणि लाइन गेली की ते इन्व्हर्टरवर चालायचं. त्यांची बॅटरी खराब निघाली, पाव्हणी गेली, नवी आली तशी काका पाव्हणी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गेल्याचं कळलं. मग तांड्यावरच्या एका म्हातारीचं तसंच झालं. पाव्हणी दुपारी उचलली आणि दिवेलागणीच्या आत म्हातारी संपली. मग आणखी एक घर. मी म्हटलं, यात विशेष काय आहे? ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे तेच घर बॅटरीसाठी धावाधाव करणार, आणि आजारी माणसंच मरणार. त्यानंतर ती एका शिंप्याकडून परत आली. त्याच्याकडे सगळे धडधाकट होते. तिथं त्यांचा म्हातारा कुत्रा मेला. हे ऐकून मी मोठ्यानं हसले. काका हसले नाहीत. पाव्हणी नेऊन त्यांनी खोलीच्या पार कोपऱ्यात ठेवली आणि त्या दिवसापासून तिच्यावर ओलं फडकं फिरवायचं काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

एक गोष्ट त्यांनी मला दाखवली, कारण मी हसते हे त्यांना माहीत होतं. परत आलेली बॅटरी नेहमी थोडीफार उतरलेली असते. पाव्हणी कधीच उतरलेली नसायची. जाताना जितकी भरलेली, येताना तितकीच. "मंग थ्या घरायत मशीन चाललं कायच्यावर?" काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, मीटरच खराब आहे. दुसऱ्या मीटरनंही तेच दाखवलं.

गावात बोलायला किती वेळ लागतो? पाव्हणी घरात आहे तोवर माणूस जात नाही, अशी बोलवा झाली, आणि लोक ती परत देईनात. कोणी म्हणायचं नवी अजून नीट चालत नाही, कोणी घराला कुलूप लावून शेतात जाऊन बसायचं. एका घरी तर तिला हळदकुंकू वाहिलेलं होतं. शेठ चिडून काकांना पाठवायचे. काका दारात जाऊन बसायचे, भांडायचे नाहीत. घरच्यांनी स्वतः काळी वायर सोडेपर्यंत बसून राहायचे.

मग बबन आला. जवळच्याच खेड्यातला, एकुलता एक. त्याची माय अंथरुणावर होती. त्याची बॅटरी जेमतेम वर्षाची आणि एक सेल पार मेलेला. माझ्या मते चूक कंपनीची, मी फोटो पाठवायला घेतला. काकांनी त्या सेलचं बूच उघडलं, आत पाहिलं, बोट लावून त्याच्यावरची पांढरी पूड दाखवली. सोडा. ॲसिडमध्ये सोडा टाकला की सेल मरतो, हे काकांना हात धुताना ज्यानं पाहिलं असेल त्याला कळणार. पाव्हणी मिळावी म्हणून बबननं आपली धड बॅटरी मारून आणली होती. आमच्या भागात वॉरंटीसाठी लोक नाना गोष्टी करतात, पण हे मी पहिल्यांदाच पाहत होते. नियमानं त्याला काही मिळायला नको होतं. बबन तोंड दुसरीकडे करून उभा राहिला. काका म्हणाले, "ने पाव्हणी. पण आणून द्याले तूच येजो."

बरेच दिवस तो आला नाही. शेठ बोलून बोलून थकले. मग एक दिवस सकाळी दुकान उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसला होता. त्याचा चेहरा आजारी माणसापेक्षा आजारी दिसत होता. "चाला काका," तो म्हणाला. "मायले लय तरास होऊन राह्यला. थे जाऊ म्हनते, अन् जाताच येत नाही तिले. मीच धरून ठेवलं."

काका त्याच्याबरोबर गेले आणि दुपारी पाव्हणी घेऊन आले. माय गेल्याचा निरोप पाठोपाठ आला. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. सोड्याच्या पाण्यात हात धूत राहिले, धूतच राहिले, आणि मला म्हणाले, "भरली का सोडून द्या लागते, ताई. आपन सांगतो लोकायले. पण सोपं हाये का थे?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला पाव्हणीची भीती वाटू लागली. तिच्याजवळून जायची वेळ आली की मी भिंतीकडे बघत जाई.

एवढं पाहिलेला माणूस स्वतःवर वेळ आली तेव्हा काय करील? गिरजाबाईंची छाती पुढच्या हिवाळ्यात फारच बिघडली. वाशीमच्या डॉक्टरांनी मशीन देऊन घरी पाठवलं आणि काकांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. काकांच्या घरी इन्व्हर्टर होता, बॅटरीही चांगली होती. तरी एक दिवस मी आले तर खोलीतला कोपरा रिकामा, आणि पाव्हणीच्या जागी काकांच्या घरची बॅटरी गिऱ्हाइकांकडे फिरायला लागलेली. मी काही विचारलं नाही. शेठनीही नाही. गावात सगळ्यांना कळलं आणि कोणी नाव ठेवलं नाही. उलट लोक म्हणाले, आता ती योग्य घरी गेली.

गिरजाबाई गेल्या नाहीत. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी भेटायला जायची. मशीन भिंतीशी धपधपत असायचं, त्याची नळी बाईंच्या नाकाशी, आणि पलंगाखाली ट्रॉलीवर पाव्हणी. बाई इतक्या वाळल्या होत्या की चादरीखाली कोणी आहे हे पटकन लक्षात यायचं नाही. जेवण बंद झालेलं. डोळे तेवढे जागे. काका दुकानातून पुन्हापुन्हा घरी जायचे, पाव्हणीला कान लावून यायचे. त्यांची मान आता तशीच राहायची. बाई एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "भरलं वो आता. किती ठेवतीन? तुमी सांगा यायले." मी सांगणार तरी कसं? मी तो निरोप पोचवलाच नाही.

त्या पावसाळ्यात एक दुपार अशी आली. तांड्यावरचे एक आजोबा, रामधन, ऑटोत बॅटरी टाकून आले. त्यांची नात लहान होती, जन्मापासून फुप्फुसाचं दुखणं, तिलाही घरी मशीन होतं. तांड्याची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली होती, तिथली लाइन दुसऱ्या दिवसाआधी येणार नव्हती. बॅटरीनं ऐन वेळी मान टाकलेली. पोरीला सिलिंडर लावून ते धावत आले होते आणि सिलिंडर संपायला आलेलं. काकांनी ग्रॅव्हिटी पाहिली. पाच सेल चांगले, एक मेलेला. सोडा टाकलेला नाही, बोअरचं खारं पाणी ओतलेलं नाही, काही नाही. चूक सरळ कंपनीची. अशा गिऱ्हाइकाला सर्विसची बॅटरी देणं आमच्यावर बंधनकारक होतं.

दुकानात दुसरी भरलेली बॅटरी नव्हती, काकांच्या घरचीही एका गिऱ्हाइकाकडे गेलेली. नव्या यायच्या होत्या. चार्जिंगवर एक होती, ती अर्धी भरलेली. मी म्हटलं, तीच देऊ. काकांनी मान हलवली. तांड्यावर लाइन नाही, अर्धी बॅटरी रात्र काढणार नाही आणि तिथं पुन्हा भरताही येणार नाही. रामधन आजोबांनी पाव्हणीचं नाव घेतलं नाही. त्यांनी हात जोडले नाहीत की काही नाही. ते फक्त काकांकडे पाहत उभे राहिले, आणि काका त्यांच्याकडे.

"चाला," काका म्हणाले, आणि मला खुणेनं सोबत यायला सांगितलं.

घरी लाइन होती, मशीन चालू होतं. काका पलंगाजवळ बसले. गिरजाबाईंनी दारातल्या रामधन आजोबांकडे पाहिलं, ऑटोकडे पाहिलं.

"लेकरू हाये का?" त्यांनी विचारलं.

"नात हाये, बाई," आजोबा म्हणाले.

मी मध्ये पडले. म्हटलं, आधी दुकानातली अर्धी इथं जोडा, मग ही न्या. गिरजाबाई म्हणाल्या, "तठी पोरीचं सिलिंडर संपून राह्यलं अन् अठी लाइन हाये मले. उगा येळ काहून घालवता?" मग नवऱ्याकडे वळून, दम खात खात, पण अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "काळी आधी काढा."

काकांनी पाना घेतला. काळी वायर काढली, मग लाल. क्रम चुकला नाही. पाव्हणी पट्ट्यात घालून आजोबांनी आणि ऑटोवाल्यानं उचलली. जोडणी दुसऱ्या कोणाच्या हातची त्यांना चालत नसे, म्हणून काकाही सोबत निघाले. येताना अर्धी घेऊन येतो म्हणाले. उंबऱ्यावर क्षणभर थांबले, पण मागं वळून पाहिलं नाही.

मी बाईंजवळ बसले. मोकळ्या वायरी ट्रॉलीवर पडलेल्या होत्या. बाहेर भुरभुर चालली होती. तांडा काही फार लांब नाही, काका येतीलच, असं मी मनात म्हणत होते आणि पंखा थांबला.

लाइन गेली. बल्ब विझला. मी उभी राहिले, मला ओरडावंसं वाटत होतं, शेजारी कोणाकडे सिलिंडर असेल का, ऑटो मिळेल का, असं काहीतरी डोक्यात. मग लक्षात आलं की धपधप ऐकू येते आहे. मशीन चालू होतं. त्याचा हिरवा दिवा पेटलेला होता.

मी बोर्डाची सगळी बटणं दाबून पाहिली. काही लागलं नाही. इन्व्हर्टरकडे पाहिलं, तो मेलेला. वाकून पलंगाखाली पाहिलं. ट्रॉली रिकामी, लाल वायर एकीकडे, काळी एकीकडे, दोन्हींची तोंडं उघडी. मी हात लावायला धजले नाही. नळीतून हवा येत होती, ती माझ्या हाताला लागली. आणि त्या रिकाम्या ट्रॉलीवरून, अगदी बारीक, पाणी उकळल्यासारखी खदखद ऐकू येत होती. वडील म्हणाले असते, पोरी, घाबरल्यावर कानाला काहीही ऐकू येतं. मी घाबरले होते हे कबूल. पण मशीन चालू होतं, हे कानाचं काम नव्हतं.

मी बाईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि मला तो नियम आठवला. मी तोंड मिटलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्या हसल्या. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, एक शब्द न बोलता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

काका आले तेव्हा भिजलेले होते. ऑटोवाला अर्धी बॅटरी उतरवत होता. काका दारात उभे राहिले. बंद पंखा पाहिला, हिरवा दिवा पाहिला, पलंगाखालच्या वायरी पाहिल्या. मान एका बाजूला झुकलेलीच होती, त्यांनी ऐकलं असणारच. त्यांनी हात वर करून ऑटोवाल्याला बाहेरच थांबवलं.

"लागलं पोरीचं मशीन," ते बाईंना म्हणाले. "झोपली थे."

बाईंनी मान हलवली. मग त्या नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. काका पलंगावर बसले, त्यांचा हात सोड्यानं भेगाळलेल्या आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना काय करायचं आहे ते मला कळलं आणि त्यांनी ते करू नये असं मला फार वाटलं. ते बाईंच्या कानाशी वाकले, बॅटरीपाशी वाकायचे तसेच.

"गिरजा," ते म्हणाले.

मशीन थांबलं. खदखद थांबली. बाईंच्या चेहऱ्यावर नुकतंच ऐकलेलं काहीतरी तसंच राहिलं.

लाइन त्यानंतर बऱ्याच वेळानं आली. रामधन आजोबांची नात आता शाळेत जाते, दम लागतो पण धावते. पाव्हणी तिच्या घरी आहे, नव्या बॅटरीच्या शेजारी, आणि काळी वायर सोडायला अजून कोणी दारात जाऊन बसलेलं नाही. कधीतरी कोणीतरी जाईल. मी जाणार नाही. काका बाईंचे दिवस झाल्यावर लेकीकडे पुण्याला गेले ते तिकडचेच झाले, दुकानात परत आले नाहीत. चार्जिंगच्या खोलीत आता पाटी आहे, नियमांची, मीच छापून लावली. नावाचा नियम मी त्यात घातलेला नाही. पण आत गेल्यावर मीही मेकॅनिकला "अरे" म्हणते.

त्या दुपारी मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं. मी रडत होते. ते रडत नव्हते. त्यांनी बाईंच्या नाकाची नळी काढली, गुंडाळून मशीनवर ठेवली. पलंगाखालच्या मोकळ्या वायरी उचलल्या, आधी काळी, मग लाल, त्यांच्या तोंडांना चिंध्या बांधल्या. मग उठून खिडकीपाशी गेले. पावसामुळे ती लावून घेतलेली होती. त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली, आणि बाजूला सरकून उभे राहिले.